उत्तर जेव्हा दक्षिणेला होती

इंदिरानगरहून पाथर्डी फाट्याकडे निघालं की पांडवलेण्यांचा डोंगर समोर येतो. त्रिरश्मी हे त्याचं जुनं नाव. दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी इथला काळा कातळ खोदून विहार आणि चैत्यगृह घडवलं. गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव करणारा लेख तिसऱ्या लेण्यात कोरवून घेतला. ब्राह्मी जाणणाऱ्याला तो आजही वाचता येतो. हे डोंगर ज्या लाव्ह्याच्या थरांनी बनले आहेत, त्या थरांत आणखी एक नोंद आहे. ती कोणी कोरलेली नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि तिचं वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं आहे. नाशिक-इगतपुरी पट्ट्यातले बहुतेक थर सांगतात की ते थंड होत होते तेव्हा इथे कोणी होकायंत्र धरलं असतं, तर सुईचं उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं.

दगडात चुंबकत्व असतं हे घरबसल्या पाहता येतं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक कागदात गुंडाळा आणि नासर्डीच्या किंवा गोदावरीच्या काठच्या कोरड्या वाळूतून फिरवा. बाहेर काढाल तेव्हा कागदाला काळेभोर बारीक कण चिकटलेले दिसतील. ते एकमेकांवर चढून ताठ उभे राहतात, चुंबक फिरवलं की कलतात, आणि कागद चुंबकापासून सोडवला की झरकन गळून पडतात. हे मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं ऑक्साइड. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजून त्याची वाळू होते, तेव्हा हे कण तिच्याबरोबर वाहत येतात. अखंड कातळात ते विखुरलेले आणि घट्ट बसलेले असतात.

लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर असतं. इतक्या उष्णतेत मॅग्नेटाइटला चुंबकत्व टिकवता येत नाही. खडक ५८० अंशांच्या खाली उतरू लागला की कणाकणात चुंबकत्व जागं होतं, आणि त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा ते कण धरतात. थंडीत तूप थिजलं की त्यातला कण जिथल्या तिथे अडकतो, तशी ती दिशा दगडात अडकते. नंतर पृथ्वीचं क्षेत्र कितीही बदललं तरी दगड आपली मूळ दिशा सोडत नाही.

ही दिशा वाचणारे पहिले लोक चक्रावून गेले. १९०६ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार्ड ब्रुन्स यांना लाव्ह्याखाली भाजलेल्या मातीच्या थरात आजच्या उलट दिशेचं चुंबकत्व सापडलं. १९२९ मध्ये जपानच्या मोतोनोरी मातुयामा यांनी वेगवेगळ्या काळातले बेसॉल्ट तपासले आणि दाखवून दिलं की उलटे दगड विशिष्ट काळातले आहेत. दगडात दोष नव्हता. पृथ्वीचेच चुंबकीय ध्रुव अदलाबदल करत होते. शेवटची अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. आज आपण ज्या कालखंडात राहतो त्याला ब्रुन्स यांचंच नाव दिलं आहे, आणि त्याआधीच्या उलट्या कालखंडाला मातुयामा यांचं.

महाराष्ट्रात हे काम १९५०च्या दशकात सुरू झालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या थरांचं चुंबकत्व मोजलं आणि १९५९ मध्ये निष्कर्ष छापले. हे काम चिकाटीचं आहे. कातळात अंगठ्याएवढ्या जाडीचं भोक पाडून दगडाची कांडी काढायची, आणि ती मोकळी करण्याआधी तिच्यावर दिशेची खूण करायची. बेसॉल्ट स्वतःच सुई ओढतो, म्हणून ही दिशा साध्या होकायंत्राने घेऊन भागत नाही. सूर्याची सावली आणि घड्याळ यांवरून ती पडताळावी लागते. मग प्रयोगशाळेत कांडी टप्प्याटप्प्याने तापवायची. वीज पडल्याने किंवा पुढच्या काळात चढलेलं उपरं चुंबकत्व असं उतरवत नेलं की शेवटी मूळ दिशा उरते.

त्या दिशेतून जे वाचता आलं ते थक्क करणारं आहे. दख्खनच्या दगडातली सुई केवळ उलटी नाही, ती खाली झुकलेलीही आहे. ध्रुवाकडे जावं तसा सुईचा झुकाव वाढतो, त्यामुळे झुकावावरून दगड कोणत्या अक्षांशावर थंड झाला ते काढता येतं. उत्तर आलं : विषुववृत्ताच्या दक्षिणेला पंचवीस ते तीस अंश. आज २० अंश उत्तरेला असलेलं नाशिक ज्या जमिनीवर उभं आहे, ती जमीन तेव्हा हिंदी महासागरात पार दक्षिण गोलार्धात होती आणि उत्तरेकडे सरकत होती. उलट्या दगडातली सुई अगदी दक्षिणेलाही नाही, ती आग्नेयेकडे कललेली आहे. याचा अर्थ वाटेत भारत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळलाही.

याच थरांनी काळाचाही एक मोठा पेच सोडवला. सह्याद्रीत दोन किलोमीटरपर्यंत जाडीचे, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले हे थर साचायला किती काळ लागला? जुन्या पद्धतीने काढलेली वयं एकमेकांपासून कोट्यवधी वर्षं दूर पडत. १९८६ मध्ये विन्सेंट कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी चुंबकत्वाकडे बोट दाखवलं. लाव्हा कोट्यवधी वर्षं वाहत राहिला असता तर थरांत सुलट-उलट-सुलट असे डझनावारी पलटे दिसले असते. दख्खनमध्ये मात्र मुख्य जाडी एकाच उलट्या कालखंडात बसते. महाबळेश्वरच्या बाजूला खालचे थर उलटे आहेत आणि माथ्याकडचे सुलटे, म्हणजे ध्रुव पलटल्याची सीमारेषाच तिथे डोंगराच्या अंगावर आहे. तो उलटा कालखंड सात लाख वर्षांहूनही लहान आहे, आणि डायनोसॉर संपले तो क्षण त्याच्याच पोटात आहे. पृथ्वीच्या हिशेबाने हा प्रचंड उद्रेक झपाट्याने उरकला होता. ते आपल्याला दगडातल्या सुईमुळे कळलं.

ध्रुव पलटतात कशाने? आपल्या पायाखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर द्रवरूप लोखंडाचा बाह्य गाभा सुरू होतो आणि सुमारे ५,१५० किलोमीटरपर्यंत जातो. आतून बाहेर येणारी उष्णता त्या लोखंडाला घुसळते, पृथ्वीचं फिरणं त्या प्रवाहांना वळण देतं, आणि वाहत्या धातूत वीज निर्माण होऊन तिच्यातून चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. प्रवाह सतत बदलतात म्हणून क्षेत्रही बदलतं. पलट्यांना वेळापत्रक नाही. दख्खनचा लाव्हा येण्याआधीच्या काळात साडेतीन कोटींहून अधिक वर्षं एकही पलटा झाला नव्हता. अलीकडच्या काही कोटी वर्षांत लाखात वर्षं मोजावीत इतक्या अंतराने ते होत आले. प्रत्यक्ष पलटायला साधारण हजारो वर्षं लागतात. त्या काळात क्षेत्र खूप क्षीण होतं, पण नाहीसं होत नाही.

दगड लाखो वर्षांचे बदल सांगतात. तासातासाचे बदल टिपण्याचं कामही महाराष्ट्रानेच जगासाठी केलं आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय मोजणी सुरू झाली. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं ज्ञात इतिहासातलं एक सर्वांत मोठं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा कुलाब्यात उपकरणासमोर बसलेल्या माणसांनी एरवीच्या तासातासाच्या नोंदी सोडून काही मिनिटांच्या अंतराने आकडे लिहायला घेतले. त्यांच्या वहीत क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळलेलं दिसतं. त्या वादळाची ताकद ठरवताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही कुलाब्याची ती वही उघडतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने मोजणी बिघडणार, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी ओळखलं. १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली, इमारतीत लोखंड येऊ न देता. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी झाली, दोन्हींचा मेळ घातला गेला, आणि मगच कुलाब्याचं काम थांबलं. ट्राम १९०७ मध्ये धावू लागली; नोंदीची साखळी तोवर सुरक्षित जागी पोचली होती. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे, नवी मुंबईजवळ नवीन पनवेलला मुख्यालय असलेल्या संस्थेकडे, अखंड चालू आहे.

आत्ता काय चाललं आहे? १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांनी उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या उत्तर भागात शोधला. विसाव्या शतकात बराच काळ तो रमतगमत सरकत होता. १९९०च्या दशकात त्याने वेग घेतला, वर्षाला पन्नास किलोमीटरच्या पुढे, सायबेरियाच्या दिशेने. आता तो थोडा मंदावला आहे. दिशादर्शनासाठी वापरलं जाणारं जागतिक चुंबकीय प्रारूप एरवी पाच वर्षांनी बदलतात. ध्रुवाच्या या धावेमुळे ते २०१९ मध्ये मुदतीआधीच सुधारावं लागलं. आपल्या मोबाइलमधलं होकायंत्रही असंच प्रारूप वापरतं. नाशिकला त्याने फारसा फरक पडत नाही, कारण इथे सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचंही अंतर नाही.

एकूण क्षेत्र १८४० नंतर नऊ-दहा टक्क्यांनी घटलं आहे. नाशिकला ते ४४ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास आहे. दक्षिण अटलांटिक आणि ब्राझीलच्या पट्ट्यात जेमतेम निम्मं. तिथून जाताना हबल दुर्बीण निरीक्षण थांबवते, कारण भारित कणांचा मारा वाढतो. म्हणून पलटा जवळ आला आहे असं नाही. आजचं क्षेत्र गेल्या काही दशलक्ष वर्षांच्या सरासरीपेक्षा बळकटच आहे, आणि ४१ हजार वर्षांपूर्वी ते दहा टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, काही शतकं उलटंही झालं होतं, आणि पुन्हा सावरलं. त्या काळात माणूस होता आणि तो तगला.

आपल्या शरीराबद्दल धास्ती बाळगायचं कारण नाही. दवाखान्यातलं नेहमीचं एमआरआय यंत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून बलवान असतं, आणि माणूस त्यातून धडधाकट बाहेर येतो. काळजी घ्यायची ती तारांची आणि उपग्रहांची. १९८९ च्या सौर वादळाने कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात साठ लाख लोकांची वीज घालवली. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानले येथून आकाश तांबडं झालेलं दिसलं. चुंबकीय क्षेत्राची ढाल पातळ झाली तर अशी वादळं अधिक आतवर पोचतील. तयारी करायला हाताशी मोठा काळ आहे, पण ती मोजणीवाचून होणार नाही.

पलटा नेमका कसा घडतो, क्षेत्र कोणत्या क्रमाने ढळतं, हे कळण्याचा एक मार्ग म्हणजे थरांवर थर साचलेले असे डोंगर. त्यांची नोंद मात्र एका अटीवर टिकते : दगड जागचा हलता कामा नये. नाशिकभोवतीच्या टेकड्या खडीसाठी फुटतात तेव्हा दगडातलं चुंबकत्व शाबूत राहतं. पण कोणती बाजू उत्तरेला होती हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ते चुंबकत्व मुकं होतं. सगळे डोंगर राखता येणार नाहीत हे मान्य. निवडक कडे आणि घाटरस्त्यांसाठी कापलेल्या दरडी तरी वारसा म्हणून राखता येतील, आणि शाळेतल्या मुलांना तिथे नेऊन थर दाखवता येतील. मूस यांच्या पिढीने एक ट्राम येणार म्हणून अख्खी चुंबकीय मोजणी समुद्रापार हलवली, पण नोंद तुटू दिली नाही. सह्याद्रीच्या वहीबाबत तेवढी कदर आपण करायला हवी.