दारातले कुत्रे आणि घरातले आरोग्य

कुत्र्याविषयी आपल्या समाजाच्या मनात दोन परस्परविरोधी भावना फार पूर्वीपासून शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, ही वारकरी परंपरेतील अत्यंत लोभस कथा आहे. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान आहेत, खंडोबाच्या परिवारात कुत्रा आहे, आणि सगळे सोबती गळून पडल्यावर धर्मराजाला अखेरपर्यंत साथ देणाराही कुत्राच. पण माणसाला हीन लेखायचे झाले, की याच प्राण्याचे नाव आपल्या ओठांवर येते. पूजा आणि हेटाळणी या दोन टोकांच्या मध्ये जे रोजच्या व्यवहारातले, जबाबदारीचे नाते असावयास हवे, ते मात्र आपण फारसे जोपासले नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांसंबंधी ११ तारखेला एक आदेश दिला आणि २२ तारखेला त्यात बदल केला. त्या वेळी देशभर जो वाद माजला, त्यात ही दोन टोकेच एकमेकांवर तुटून पडली. कुत्र्याच्या सहवासाने माणसाच्या प्रकृतीला काही लाभ होतो काय, आणि होत असल्यास कोणत्या अटीवर, हा प्रश्न त्या कोलाहलात कोणी विचारला नाही. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्याने तो आवर्जून विचारावा, अशी परिस्थिती आहे.

ओस पडणारी घरे

२००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ साली ती ८ लाख ४९ हजार ६५१ भरली. देशाची लोकसंख्या वाढत असताना ज्या थोड्या जिल्ह्यांची घटली, त्यांत सिंधुदुर्ग होता. या आकड्यांमागचे चित्र मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या कोणत्याही वाडीत दिसते. मुले मुंबईला किंवा त्याहून दूर गेलेली. पाच खोल्यांच्या घरात दोन म्हातारी माणसे, आणि पुढे त्यांतले एकच. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात, घर चार दिवस गजबजते आणि पुन्हा मिटते. मनीऑर्डरीची जागा बँकेच्या खात्याने घेतली, पत्राची जागा मोबाइलने घेतली. पण संध्याकाळी दिवा लावल्यावर खळ्यात कोणीतरी असावे, ही गरज या दोहोंपैकी कशानेही भागत नाही.

अशा घरांत बहुधा एक कुत्रा असतो. पेज, उरलेला भात, बांगड्याचे डोके यांवर तो वाढतो. त्याला कोणी विकत आणलेले नसते. गडग्यापलीकडे पाऊल वाजले की भुंकणे, हे त्याचे काम समजले जाते. तो याहून काही अधिक करीत असेल, असे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

संशोधन काय सांगते?

या विषयाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले ते १९८० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीने. एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकारातून वाचून घरी गेलेल्या ९२ रुग्णांची वर्षभर नोंद ठेवली. घरात पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी त्या वर्षात ३ दगावले, तर प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११. रुग्णांची संख्या लहान होती. तरीही हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता.

त्यानंतरची सर्वांत मोठी पाहणी स्वीडनमधील. तेथे प्रत्येक कुत्र्याची नोंदणी २००१ पासून सक्तीची आहे, त्यामुळे अंदाजावर विसंबावे लागत नाही. उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी ४० ते ८० वर्षे वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. कुत्रा बाळगणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळलेच. पण सर्वाधिक फरक दिसला तो एकट्या राहणाऱ्या माणसांत. एकटे राहणाऱ्या आणि कुत्रा नसलेल्या लोकांच्या तुलनेत, एकट्याच पण कुत्रा असलेल्या लोकांत मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी होता. मालवणच्या वाडीतल्या एकाकी घराशी या आकड्याचा संबंध जोडणे मुळीच कठीण नाही.

याची कारणेही बऱ्याच अंशी उलगडली आहेत. पहिले कारण चालणे. इंग्लंडमधील २०१९ च्या एका अभ्यासानुसार, आठवड्याला १५० मिनिटांचा जो व्यायाम आरोग्यतज्ज्ञ सुचवितात, तो पुरा करण्याची शक्यता कुत्रा असलेल्यांत चौपट होती. दुसरे कारण मनाचे. मालक आणि कुत्रा एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा आई आणि तान्ह्या मुलात जे संप्रेरक स्नेह दृढ करते, तेच दोघांच्याही शरीरात वाढते, असे जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखविले. तिसरे कारण साधे आहे, आणि म्हणूनच बहुधा सर्वांत महत्त्वाचे: कुत्र्याला वेळेवर खायला लागते. स्वतःपुरता स्वयंपाक करण्याचा कंटाळा करणारे माणूस दारात कोणी वाट पाहत असेल तर चूल पेटविते. दिवसाला वेळापत्रक येते, बोलायला कोणी मिळते, आणि कोणाला तरी आपली गरज आहे ही जाणीव टिकून राहते.

या निष्कर्षांवर एक रास्त आक्षेप आहे. कुत्रा पाळल्याने प्रकृती सुधारते, की मुळात धडधाकट असलेली माणसेच कुत्रा पाळतात? अशा पाहण्यांतून याचे निर्णायक उत्तर मिळत नाही, हे संशोधकांनीही मान्य केले आहे. दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे. स्वीडनमधील माणूस कुत्र्याला घेऊन रोज फिरायला जातो. आपल्याकडे कुत्रा एकटाच पाणंदीने गावभर हिंडून येतो आणि मालक पडवीत बसून असतो. पायपीट कुत्र्याची आणि लाभ मालकाला, असे होणार नाही. दिवसभर साखळीने बांधलेल्या कुत्र्याकडूनही भुंकण्यापलीकडे काही मिळणार नाही. जेवढी जबाबदारी घ्यावी तेवढाच लाभ पदरात पडावा, असा हा व्यवहार आहे.

नाण्याची दुसरी बाजू

आरोग्याचा विचार करताना रेबीजचे नाव टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांच्या पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे ५,७०० माणसे त्याने मरतात, आणि प्राण्यांच्या चाव्यांच्या सुमारे ९१ लाख घटना घडतात. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चावे कुत्र्यांचे असतात. पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती जुन्या पिढीच्या मनातून अजून गेलेली नाही. वास्तविक ती जुनी लस वापरातून जाऊन वीस वर्षे झाली. आता दंडात मोजकीच इंजेक्शने घ्यावी लागतात. चावल्याबरोबर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठणे, एवढे ज्ञान प्रत्येक शाळकरी मुलाला असलेच पाहिजे. हळद, चुना, तंबाखू किंवा मंत्र यांत गेलेला वेळ प्राणावर बेततो.

लेप्टोस्पायरोसिस या जिल्ह्याला अपरिचित नाही. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्यांना तो मुख्यतः उंदरांपासून होतो. पण गुरे आणि कुत्री यांच्या मूत्रातूनही त्याचे जंतू पसरू शकतात. तेव्हा कुत्रा घरात घ्यायचा तर त्याच्या लसीकरणाचा, स्वच्छतेचा खर्च आणि त्रासही पत्करला पाहिजे.

शेजारच्या गोव्याचा धडा

हे आपल्या आवाक्यातले आहे काय, असे विचारणाऱ्यांनी तेरेखोलची खाडी ओलांडून पाहावे. गोव्यात २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य सरकारच्या साहाय्याने गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालविली. जाळीने कुत्रा धरायचा, लस द्यायची आणि मोबाइलवर ठिकाण नोंदवायचे, अशी तिची पद्धत होती. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस मिळाली, म्हणजे सुमारे ७० टक्के. रोगाची साखळी तुटण्यास एवढे प्रमाण पुरेसे मानले जाते. दरवर्षी दीड लाख मुलांना शाळांतून माहिती देण्यात आली. २०१९ पर्यंत कुत्र्यांतील रेबीजची दरमहाची प्रकरणे ९२ टक्क्यांनी घटली आणि माणसांचे मृत्यू थांबले. हा वृत्तांत २०२२ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. तेथे यश आले ते कुत्री मारून नव्हे.

गोव्याचे आणि दक्षिण सिंधुदुर्गाचे हवामान, वस्ती, खाणेपिणे यांत फारसा भेद नाही. कुत्र्यांना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. म्हणजे गोव्याचे यश टिकण्यासाठीही सिंधुदुर्गाने पाऊल उचलणे जरूर आहे. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण यांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे, आणि तीतून पंचायतीही सुटत नाहीत. ग्रामपंचायतीने वाडीवार कुत्र्यांची यादी करावी, पशुवैद्यकीय दवाखान्याने पावसाळ्यापूर्वी एक दिवस गावात यावे, शिक्षकांनी जखम धुण्याचा धडा वर्गात गिरवून घ्यावा. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी आईबापांच्या औषधांबरोबर त्यांच्या कुत्र्याच्या लसीचीही चौकशी केली, तर ती वायफळ ठरणार नाही.

‘वाडीचा कुत्रा’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे सर्रास चालतो. जो सर्वांचा, तो कोणाचाच नाही, असा त्याचा प्रत्यक्षातला अर्थ. खायला सगळे घालतात, लस कोणीच टोचून घेत नाही. आणि चावला की तो एकाएकी भटका ठरतो. या अर्धवट मालकीतून माणसाला ना सोबत पुरी मिळते, ना सुरक्षितता. उलट, ज्या घराने त्या कुत्र्याला नाव दिले, त्याची लस वेळेवर टोचून घेतली आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर किनाऱ्यापर्यंत फेरी मारली, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने स्वतःसाठीही एक औषध मिळविले. ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही आणि त्याचा डोस चुकलेला कुत्रा खपवून घेत नाही.