पेटीपासून पाच रेघांपर्यंत

पारनेर तालुक्यात सप्ताह बसतो तिथे पखवाज, टाळ आणि वीणेबरोबर पेटी असतेच. निघोज घ्या, टाकळी ढोकेश्वर घ्या, नाहीतर कोरठण खंडोबाचं पिंपळगाव रोठा. भजनी मंडळात पेटी धरणारं कुणीतरी भेटतंच. म्हणूनच घरात मुलासाठी कीबोर्ड आला, तरी त्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आजोबांनाही परक्या वाटत नाहीत. वाजवण्याची पूर्वतयारी गावात आहे. उणीव आहे ती संगीत वाचायला शिकवण्याची. ती भरून काढणं शक्य आहे आणि त्यासाठी फार मोठ्या साधनांची गरजही नाही.

पट्ट्यांचा प्रवास

इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने सन 1700च्या सुमारास पियानो घडवला. पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅं याने 1840 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची पेटी होती. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला हातपेटीचं रूप दिलं आणि ती जमिनीवर, मांडी घालून बसणाऱ्या वादकासमोर आली.

महाराष्ट्रात पेटीला अनेक घरं मिळाली. संगीत रंगभूमीवर पायपेटी आणि ऑर्गन स्थिरावले. 1911च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः थोर हार्मोनियमवादक होते. पुढे पी. मधुकर, आप्पा जळगावकर आणि गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर यांनी ही परंपरा उंचावर नेली. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं. त्याच नगरमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वळणाची ख्रिस्ती भजनं लिहिली. म्हणजे देऊळ, रंगमंच आणि चर्च या तिन्ही ठिकाणी मराठी माणसाने पट्ट्यांचं वाद्य आपलंसं केलं.

तरीही आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं आणि ते 1971 नंतरच हळूहळू उघडलं. पेटीवर आपले स्वर नेमके उतरत नाहीत, या आक्षेपात तथ्य होतं. पट्ट्यांच्या वाद्यात सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा त्यावरचा गंधार सुमारे 14 सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका चढा असतो. शिवाय पट्टीवर मींड काढता येत नाही. विद्यार्थ्याला ही मर्यादा पहिल्या महिन्यातच समजावून सांगावी. तानपुरा लावून गळ्याने ‘सा’ आणि ‘ग’ म्हणावेत, मग पट्टीवरचे ऐकावेत. कान तयार होण्याची सुरुवात इथूनच होते.

काळी एक म्हणजे काय

पेटीवाल्यांची भाषा मुलांना आधी शिकवावी, कारण ती घरची आहे. पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्य ‘सी’, काळी एक म्हणजे ‘सी शार्प’, पांढरी चार म्हणजे ‘एफ’, काळी पाच म्हणजे ‘ए शार्प’. आपला ‘सा’ गायकाच्या गळ्याप्रमाणे कोणत्याही पट्टीवर बसतो. ‘सी’ मात्र जागा सोडत नाही. हा फरक कळला की पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

इथे कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण आणि स्केल चेंजर पेटी यांची सोय थोडी आडवी येते. बोटं कायम एकाच जागी ठेवून हव्या त्या पट्टीत वाजवता येतं, त्यामुळे बाकीच्या पट्ट्यांवर बोटं फिरतच नाहीत. कार्यक्रमात बटण जरूर वापरावं, रियाजात नको. एकच साधं भजन पांढरी एक, पांढरी चार आणि काळी एक अशा तीन ठिकाणांहून वाजवता आलं, तर मुलाला स्वरांमधली अंतरं कळली असं समजावं.

डावा हात

हातपेटीत एक हात भात्यावर असतो. म्हणून आपल्याकडच्या वादकांचा उजवा हात कमालीचा तयार आणि डावा रिकामा राहतो. कीबोर्ड आणि पियानोवर दोन्ही हात मोकळे असतात, त्यामुळे शिकणाऱ्याला खरी मेहनत तिथे पडते. पांढरी एकमधून सप्तक चढताना उजव्या हाताचा क्रम अंगठा, तर्जनी, मधलं बोट, मग अंगठा खालून घेऊन पुन्हा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, असा असतो. तो सावकाश घटवला की हात अडखळत नाही.

हंगेरीच्या बेला बार्टोकने ‘मिक्रोकोस्मोस’ नावाने सहा भागांत 153 रचना लिहिल्या. त्यातल्या सुरुवातीच्या रचनांमध्ये दोन्ही हात एकच सूर वाजवतात. आपल्या भजनाचीही एकच सुरावट असते, म्हणून ही वाट इथल्या मुलांना सोयीची आहे. आधी दोन्ही हातांनी एकच चाल, मग डाव्या हातात फक्त षड्ज-पंचम, आणि त्यानंतर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर.

पियानोला 88 पट्ट्या असतात. साध्या कीबोर्डला बहुधा 61. सुरुवातीला 61 पुरतात. पण जोरात दाबल्यावर मोठा आणि हळू दाबल्यावर लहान आवाज देणारं मॉडेल घ्यावं. सेलवर चालणारंही मिळतं, वीज जाणाऱ्या गावांत ते उपयोगी पडतं.

वाचायच्या तीन रीती

स्वर लिहिण्याच्या बाबतीत मराठी माणूस श्रीमंत आहे. मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे आणि कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर या दोघांनीही स्वरलिपी दिली. पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली होती. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि इतरांना वाचता यावं म्हणून लिपी घडवली. भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ मुळात मराठीतच लिहिली गेली.

भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब आणि तार स्वरावर टिंब असतं. पलुस्कर पद्धतीत मात्र स्वरावरचं टिंब मंद्र सप्तक दाखवतं. म्हणून पुस्तक उघडल्यावर आधी त्याची चिन्हांची यादी पाहावी.

तिसरी रीत पाच रेघांची. तिच्यात सुराची उंची डोळ्यांना दिसते: खूण वर गेली की सूर चढतो. सुरुवातीला तीन जागा पक्क्या कराव्यात. मधला ‘सी’ दोन पंचरेघांच्या मधोमध, ट्रेबल क्लेफच्या (वरच्या पंचरेघेच्या) खालून दुसऱ्या रेघेवर ‘जी’, बेस क्लेफच्या (खालच्या पंचरेघेच्या) वरून दुसऱ्या रेघेवर ‘एफ’. बाकीचे स्वर या तीन जागांपासून किती पायऱ्या दूर आहेत, ते पाहून ओळखावेत. प्रत्येक खुणेखाली ‘सा रे ग’ लिहून ठेवलं तर डोळा अक्षरांवरच राहतो आणि खरं वाचन सुरू होत नाही.

या लिपीने काय साधतं, हे गोव्याने दाखवलं. तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलं सॉल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर स्वरांच्या नावांनी गाणं, शिकली आणि माजोर्डाच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात पोचले. कागदावरचं पाहून लगेच वाजवता येणं हे त्यांचं मोठं बळ होतं.

गावाने काय करावं

व्हिडिओ पाहून बोटांची नक्कल करणारं मूल ते एक गाणं शिकतं. वाचायला शिकलेलं मूल न ऐकलेलं गाणंही स्वतः उलगडतं, आणि त्याला लिहिताही येतं. पारनेरसाठी माझ्या दृष्टीने हेच सर्वांत मोलाचं आहे. भजनी मंडळांतल्या कितीतरी चाली केवळ बुजुर्गांच्या गळ्यात आहेत. गाणारा गेला की चालही जाते. शाळेने एक कीबोर्ड आणि कोऱ्या वह्या द्याव्यात. मंडळातल्या जाणत्या पेटीवाल्याला आठवड्यातून एकदा बोलवावं. त्याने वाजवावं, मुलांनी भातखंडे लिपीत लिहून घ्यावं आणि पुढच्या वर्षी तीच चाल पाच रेघांवर मांडावी. मुलं शिकतील आणि गावाच्या चालींचा संग्रहही होईल. हे काम या सप्ताहापासून सुरू करता येईल.