इंजेक्टर क्लीनरची बाटली प्रत्येकाला विकायची का?
ऑटो पार्ट्सचं दुकान टाकताय? मग पेट्रोलमध्ये टाकायचं इंजेक्टर क्लीनर काउंटरवर येणारच. पण ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नका.

चांगलं क्लीनर इंजेक्टरच्या तोंडावर जमलेला थर विरघळवतं. लेबलवर पॉलिइथरअमाइन, म्हणजे पीईए, लिहिलंय का बघा. मात्र एअर फिल्टर चोंदला असेल, प्लग झिजला असेल, तर बाटलीचा उपयोग शून्य. कार्बुरेटरच्या जुन्या बाइकला तर इंजेक्टरच नसतो! आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन याने निघत नाही.

आता हिशोब करू. समजा, गिऱ्हाईक महिन्याला ४,००० रुपयांचं पेट्रोल भरतं आणि दर महिन्याला ४०० ची बाटली टाकतं. पेट्रोल दहा टक्के कमी लागलं, तरच पैसे वसूल. इंजेक्टर आधीच स्वच्छ असेल, तर एवढी बचत येणार कुठून?

म्हणून आधी विचारा: त्रास नेमका काय? गाडी किती चालली? फिल्टर-प्लग कधी बदलले? ते ठीक असूनही गाडी अडखळत असेल, तर एक बाटली द्या, डोस वाचून दाखवा. तरीही फरक पडला नाही, तर दुसरी विकू नका, मेकॅनिककडे पाठवा. त्या दिवशी मार्जिन कमी सुटेल, पण पुढचं ऑइल ते गिऱ्हाईक तुमच्याकडूनच नेईल.