नंदीदुर्गावरचा बंगला

बंगळूरच्या बसवनगुडीतील शाळांत शिकलेल्या कोणत्याही पिढीच्या माणसाला शाळेची सहल प्रथम कोठे गेली होती असे विचारावे, तर बहुधा नंदीदुर्गाचेच नाव पुढे येते. पाचगणीला आणि कोडाईकनालला साहेबलोकांनी शाळाच डोंगरावर नेऊन वसविल्या; परंतु १८९८ च्या प्लेगनंतर मोकळ्या हवेसाठी आखलेल्या या मध्यमवर्गीय वस्तीतील शाळांच्या थैलीत स्वतःचा गिरिनिवास उभारण्याइतका पैका नव्हता, आणि म्हणून शहरापासून सुमारे ६० किलोमीटरांवरच्या, १,४७८ मीटर उंचीच्या या डोंगरावर, दुसऱ्याने बांधलेल्या बंगल्याच्या आसपास शिदोऱ्या सोडूनच त्यांनी आपली हौस भागविली.

तो दुसरा म्हणजे सर मार्क कब्बन. १८३४ पासून १८६१ पर्यंत म्हैसूर संस्थानाचा कारभार कमिशनर या नात्याने पाहणाऱ्या या अविवाहित, अश्वप्रेमी गृहस्थाने उन्हाळ्यात दफ्तर आणि शागिर्दपेशा यांसह वर जाऊन राहण्यासाठी येथे घर बांधले. जागा त्याने शोधली असे मात्र नव्हे. टिपू सुलतानाचे उन्हाळी निवासस्थान येथे आधीपासूनच होते, आणि १९ ऑक्टोबर १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला सर केला, त्या युद्धात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा कंपनीच्या बाजूने उभ्या होत्या, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. निवृत्त होऊन मायदेशी निघालेला कब्बन वाटेत सुएझ येथेच वारला. त्याच्या बंगल्याला पुढे नेहरू निलय हे नाव मिळाले.

या डोंगराला खरी प्रतिष्ठा मिळाली ती मात्र एका रुग्णामुळे. मार्च १९२७ मध्ये दौऱ्यावर असताना कोल्हापूरकडे गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. वैद्यांनी सक्तीची विश्रांती सांगितली, आणि सावंतवाडी संस्थानातील आंबोलीच्या घाटमाथ्यावर काही दिवस काढून एप्रिलच्या उत्तरार्धात ते नंदीदुर्गावर आले व सुमारे दीड महिना राहिले. या प्रवासाच्या बंदोबस्तात बेळगावच्या गंगाधरराव देशपांड्यांचा मोठा हात होता. १९३६ च्या मे महिन्यात गांधीजी पुन्हा येथे आले, तेव्हा सोबत वल्लभभाई पटेल होते, आणि सर चंद्रशेखर व्यंकट रामन एका स्विस जीवशास्त्रज्ञाला घेऊन भेटीस आले होते. १९१७ साली स्थापन झालेल्या बसवनगुडीच्या नॅशनल हायस्कुलात त्याच वर्षी, म्हणजे १९३६ मध्ये, गांधीजींचे भाषण झाले, आणि त्यांच्या हिंदीचे कन्नडमध्ये रूपांतर करून सांगण्याचे काम एका विद्यार्थ्यावर आले. गौरीबिदनूर तालुक्यातील होसूर गावाहून या शाळेत शिकण्यासाठी आदल्याच वर्षी पायी चालत आलेला हा मुलगा म्हणजे पुढे बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले एच. नरसिंहय्या. कुलगुरूपदाच्या आधीही आणि नंतरही त्यांनी वसतिगृहातील साध्या खोलीवरच समाधान मानले. डोंगरावर बंगला असावा असे त्यांच्या शाळेला का वाटले नसावे, याचा काही अंश तेथे सापडेल.

परंतु थोर पाहुण्यांच्या नामावलीने घर उभे राहत नाही. नंदीदुर्गासारख्या ठिकाणी दगडी भिंतीच्या बंगल्याचा पहिला शत्रू म्हणजे धुके. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ढग खोल्यांतून फिरतात, बिछाने दमट होतात, कपाटातील कागदांवर बुरशी चढते आणि दारे चौकटीत फुगून बसतात. जुन्या गवंड्यांनी अशा भिंतींना चुन्याचा गिलावा दिला तो काही सिमेंट मिळत नव्हते एवढ्याचसाठी नव्हे. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटच्या थराखाली ती कोंडते आणि आतून दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. काटकसरीच्या नावाखाली दरजा सिमेंटने भरणारा ठेकेदार त्यामुळे पुढच्या दुरुस्तीची तजवीजच करून जातो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. दुसरी पीडा पानांची. हिंदुस्थानात निलगिरीची झाडे प्रथम टिपूच्या येथल्याच बागेत सुमारे १७९० मध्ये लागली असे सांगतात; त्या झाडांची लांबट, तेलकट पाने लवकर कुजत नाहीत, पन्हळीत साचून तट्ट्यासारखी बसतात, आणि पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत उतरते. मे महिना सरण्यापूर्वी एक माणूस शिडी लावून हातानेच ती पाने उपसतो, आणि हजार रुपयांच्या रंगकामाने जे होत नाही ते त्या एका सकाळी होते. माकडांविषयी काय लिहावे? खिडकीची कडी उघडणे त्यांना पाहुण्यांपेक्षा चांगले साधते.

पाण्याची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. अर्कावती नदी याच डोंगरात उगम पावते. तिच्यावर १८९४ मध्ये हेसरघट्ट्याचा आणि १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला, म्हणजे बंगळूरच्या नळांना या डोंगराने पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजले. आणि खुद्द माथ्यावर मात्र अमृत सरोवर या पायऱ्यांच्या तलावाकडे डोळे लावून बसावे लागे. १९८६ च्या नोव्हेंबरात सार्क परिषदेचे राष्ट्रप्रमुख येथे येऊन गेले, तेव्हा रस्ते व इमारती यांना बरदास्त कशी ठेवतात हे थोडे दिवस दिसले.

एरव्ही ही जबाबदारी दीर्घकाळ उद्यान खात्याकडे होती. बागवानांनी सांभाळलेल्या जागेत जे व्हायचे तेच येथे झाले: ताटवे टवटवीत राहिले, छपरे मागे पडली. अलीकडे कारभार पर्यटन खात्याकडे गेला आहे, आणि पर्यटन खात्याला प्रवाशांची संख्या प्रिय असते. ऑगस्ट २०२१ मध्ये मुसळधार पावसाने घाटरस्त्याचा एक भाग वाहून गेला आणि काही महिने डोंगर वाहनांना बंद राहिला. आता रज्जुमार्गाची योजना मंजूर आहे. त्या पाळण्यांतून शाळेची मुले दप्तराऐवजी शिदोरी घेऊन वर जातील हे ठीकच. शिडीवाल्या त्या माणसाची जागा मात्र नव्या खात्याच्या अंदाजपत्रकात कोणत्या सदराखाली बसवायची, हे ठरायचे आहे.