केसाळ मेंढपाळ कुत्रा आणि घरातील बालक

पावसाळा सरला की निपाणी-चिकोडी भागातील शेतांत धनगरांचे कळप उतरतात. खतासाठी मेंढ्या रात्रभर शेतात बसविल्या जातात. कळपाच्या कडेला कुत्रा जागा असतो. तो बहुधा आखूड केसांचा व काटक असतो. टपाल खात्याने २००५ साली भारतीय श्वानजातींवर जी चार तिकिटे काढली, त्यांत केसाळ हिमालयीन मेंढपाळ कुत्रा होता आणि आपला तुळतुळीत मुधोळही. हवामान जसे, तसे अंगावरचे केस.

'लॅसी'मुळे परिचित झालेला कोली हा स्कॉटलंडच्या थंडीतला. आपल्या आषाढात त्याचे आतले दाट केस वाळत नाहीत, कातडीचे विकार जडतात, गोचिडी दडून राहतात. त्यांवर सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन या जातीतील अनेक कुत्र्यांना जनुकीय दोषामुळे जास्त मात्रेत घातक ठरते. स्वभावाने तो प्रेमळ खरा. परंतु पांगलेले एकत्र हाकणे हे त्याच्या रक्तात आहे. अंगणात धावणाऱ्या मुलांच्या टाचांना तो तोंड लावतो. त्यात दुष्टावा नसतो, पण दोन वर्षांच्या मुलाचा चेहरा नेमका त्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला अधिक धास्ती वाटते ती हायडॅटिडची. रोगट मेंढीचे काळीज-फुप्फुस कच्चे खाल्ले की कुत्र्याच्या आतड्यात सूक्ष्म पट्टकृमी वाढतात. कुत्रा धडधाकट दिसतो. कृमींची अंडी मात्र विष्ठेतून बाहेर पडून केसांना चिकटतात. कुरवाळणारा हात तोंडात जातो आणि मुलाच्या यकृतात वा फुप्फुसात पाण्याची गाठ वर्षानुवर्षे निमूटपणे वाढत राहते. म्हणून स्वस्त मिळते म्हणून कच्ची वजडी कुत्र्याला कदापि घालू नये. जंताच्या प्रत्येक गोळीत प्राझिक्वांटेल असतेच असे नाही. पशुवैद्यांना ते आवर्जून विचारावे.

रेबीजची लस पिल्लाला तिसऱ्या महिन्यात व पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने नियमित द्यावी. तरीही दात वा नख लागल्यास 'घरचाच आहे' म्हणून थांबू नये. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी; हळद-चुना लावू नये; त्याच दिवशी डॉक्टरांकडे यावे. रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते.

मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत कोली आणू नये, असे मी पालकांना सांगतो. पुढेही आणायचा तर रोज तासभर धावायला नेणारा व केस विंचरणारा माणूस घरात हवा. आणि मुलांना रागावू नये. मार बसेल या भीतीने ओरखडा लपविणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत.