मळणीची धूळ आणि ॲलर्जीचे वैद्य

पीक पदरांत पडण्याचा दिवस शेतकऱ्याच्या घरीं सणासारखा असावा. परंतु आमच्या धाराशिव जिल्ह्यांत अशींही घरें आहेत, कीं जेथील कर्त्या पुरुषास सोयाबीनची किंवा तुरीची मळणी सुरू होतांच शिंकांनीं बेजार करावें, आणि रात्रीं दम लागून अंथरुणांत बसून राहावें लागावें. हें दुखणें थंडीचें समजून दरसाल खोकल्याचीं औषधें घेतलीं जातात. मूळ कारण कित्येकदां ॲलर्जी हें असतें. सबब त्याची माहिती वाचकांस देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

राखणदारानें चोर सोडून घरच्याच माणसावर काठी उगारावी, तसा हा प्रकार आहे. रोगजंतूंशीं लढणारी शरीरांतील शक्ति निरुपद्रवी धुळीस वा परागास शत्रु मानते आणि त्या लढाईचा त्रास देहास होतो. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं प्रथम योजिला. शिंका व नाक गळणें, डोळ्यांस खाज, दमा, अंगावर गांधी उठणें, इसब, अन्न किंवा औषध न मानवणें, हे तिचे नेहमींचे प्रकार होत. गांधीलमाशीच्या दंशानें घसा सुजून शुद्ध हरपणें हा अत्यंत घातक प्रकार होय. त्यांत ॲड्रेनलिनची सुई तत्काळ मिळाली तरच जीव वांचण्याची आशा असते.

धुळीचा प्रताप केवढा, हें स्पेनमधील बार्सेलोना शहरीं दिसून आलें. १९८१ ते १९८७ या काळांत तेथें मधूनमधून एकाच दिवशीं अनेकांस दम्याचा जबर झटका येई. बंदरांत जहाजांतून सोयाबीन उतरवितांना उडणारी टरफलांची धूळ हें कारण ठरलें. कोठारांस गाळण्या बसवितांच ती साथ थांबली.

दुसरा शत्रु गाजरगवत. हें १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलें आणि पुढें देशभर पसरलें. त्यांतील पार्थेनिन या द्रव्यानें चेहरा, पापण्या, मान व कोपराच्या खोबणी यांवरील कातडी लाल व जाड होते. तिसरा शत्रु बुरसलेला कडबा. त्याच्या धुळीनें चार ते आठ तासांनीं ताप, खोकला व धाप लागते. हा दमा नव्हे, फुप्फुसाचा निराळा विकार होय, आणि दुर्लक्ष केल्यास फुप्फुस कायमचें निकामी होऊं शकतें.

हे भेद ओळखण्यास शिक्षण लागतें. आपल्या देशांत डॉक्टर साडेचार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची उमेदवारी करून एम्. बी. बी. एस्. होतो, नंतर छाती, त्वचा, कान-नाक-घसा किंवा बालरोग यांपैकीं एका शाखेंत आणखी तीन वर्षें शिकतो, आणि त्यावर ॲलर्जीच्या परीक्षांचें निराळें शिक्षण घेतो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्षरोग संस्थेंत असें शिक्षण दिलें जातें. अमेरिकेंत या शास्त्राची स्वतंत्र शाखा असून तिच्यासाठीं निराळीं दोन वर्षें द्यावीं लागतात.

असा वैद्य प्रथम औषध लिहीत नाहीं. तो विचारपूस करतो. त्रास कोणत्या महिन्यांत, कोणत्या कामानंतर, किती वेळानें होतो, हें शेतकऱ्यानें टिपून न्यावें. मग हातावर अर्काचे थेंब ठेवून सुईच्या टोंकानें टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत गांध उठली तर ती वस्तु संशयित ठरते. गाजरगवतासाठीं पाठीवर दोन दिवस पट्टी ठेवतात. शिंकांच्या गोळ्या चालू असल्यास टोचण्याची परीक्षा फसते. म्हणून त्या किती दिवस आधीं बंद कराव्या, हें वैद्यासच विचारावें. कांहीं रोग्यांस त्याच वस्तूचा अर्क चढत्या प्रमाणांत टोचतात. लंडनमध्यें नून यांनीं १९११ सालीं सांगितलेला हा उपाय तीन वर्षें किंवा अधिक चालतो.

धाराशिव येथें आतां शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रथम तेथें छाती किंवा त्वचा तपासून घ्यावी. तोंवर मळणीस वाऱ्याच्या वरच्या अंगास उभें राहावें, बारीक धूळ अडविणारी मुखपट्टी बांधावी, कडबा पुरता वाळल्यावांचून गंज रचूं नये, आणि गाजरगवत फुलण्यापूर्वीं हातमोजे घालून उपटावें. मात्र ज्यास तें बाधतें त्यानें हें काम दुसऱ्यावर सोंपवावें. बैल लंगडला तर आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाहीं. स्वतःच्या श्वासाविषयीं मात्र वर्षानुवर्षें चालढकल करावी, हें शहाणपणाचें नव्हे.