मनिला, २०२०: एका वाहिनीविना गेलेलं वर्ष

फिलिपाईन्समध्ये टीव्ही केंद्र चालवायचं तर नुसता सरकारी परवाना पुरत नाही. आधी संसदेला त्या कंपनीच्या नावानं एक स्वतंत्र कायदा करावा लागतो. तिथे त्याला फ्रँचाइज म्हणतात. तो हाती आला की मग राष्ट्रीय दूरसंचार आयोग वारंवारिता देतो. फ्रँचाइज ५० वर्षांपेक्षा जास्त मुदतीची असू नये, असं १९८७ ची राज्यघटना सांगते. प्रत्यक्षात ती बहुधा २५ वर्षांची असते. मुदत संपत आली की कंपनीला पुन्हा खासदारांच्या दारात जावं लागतं. म्हणजे ज्यांच्या कारभाराच्या बातम्या द्यायच्या, त्यांच्याकडेच पुढे चालू राहण्याची परवानगी मागायची. या व्यवस्थेतला धोका २०२० साली देशभर दिसला.

एबीएस-सीबीएन ही तेव्हाची तिथली सर्वांत मोठी प्रसारण कंपनी. तिचा एक धागा थेट २३ ऑक्टोबर १९५३ पर्यंत, म्हणजे फिलिपाईन्समधल्या पहिल्या टीव्ही प्रसारणापर्यंत जातो. त्या केंद्रामागे अमेरिकी अभियंता जेम्स लिंडेनबर्ग आणि राष्ट्राध्यक्ष एल्पिदिओ किरिनो यांचे भाऊ अँतोनिओ किरिनो होते. पुढे ते लोपेझ घराण्याकडे आलं. सप्टेंबर १९७२ मध्ये फर्डिनंड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि सैनिकांनी केंद्राला टाळं ठोकलं. मालक युहेनिओ लोपेझ (धाकटे) तुरुंगात गेले आणि १९७७ मध्ये तिथून निसटून अमेरिकेला पोचले. मार्कोस यांची सत्ता गेल्यावर सप्टेंबर १९८६ मध्ये वाहिनी पुन्हा सुरू झाली. हा इतिहास फिलिपिनो घरांमध्ये चांगला ठाऊक आहे. म्हणूनच ३० मार्च १९९५ च्या कायद्यानं मिळालेली फ्रँचाइज ४ मे २०२० रोजी संपणार हे दिसू लागलं, तेव्हा जुन्या लोकांना १९७२ आठवलं.

राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांचा राग जुना होता. २०१६ च्या निवडणुकीत पैसे भरूनही आपल्या काही जाहिराती दाखवल्या नाहीत, अशी त्यांची तक्रार होती आणि ती ते जाहीर सभांतून पुन्हा पुन्हा बोलून दाखवत. १० फेब्रुवारी २०२० रोजी सरकारचे सॉलिसिटर जनरल होसे कालिदा यांनी फ्रँचाइज रद्द करावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. दोनच आठवड्यांनी सिनेटच्या सुनावणीत कंपनीचे अध्यक्ष कार्लो कातिगबाक यांनी राष्ट्राध्यक्षांची माफी मागितली आणि दुतेर्ते यांनी ती स्वीकारली. कंपनी कर नियमित भरते, असं कर खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्याच सुनावणीत सांगितलं. ती सुनावणी घेणाऱ्या समितीच्या प्रमुख होत्या ग्रेस पो. त्यांचे वडील, सिनेनट फर्नांडो पो ज्युनियर, यांच्या १९९७ च्या चित्रपटावरून बेतलेली ‘आंग प्रोबिन्सियानो’ ही याच वाहिनीची सर्वांत गाजलेली मालिका. मनिलात राजकारण आणि पडदा असे एकमेकांत गुंतलेले असतात.

प्रतिनिधीगृहात मात्र नूतनीकरणाची विधेयकं तशीच पडून राहिली. मार्चच्या मध्यावर कोविडची टाळेबंदी आली आणि चित्रीकरणं थांबली. मुदत संपली तरी तात्पुरती परवानगी देऊ, असे संकेत आयोगाने मार्चमध्ये दिले होते. पण मेच्या सुरुवातीला कालिदा यांनी आयोगालाच तसं न करण्याचा इशारा दिला. ५ मे रोजी प्रसारण थांबवण्याचा आदेश निघाला. त्या संध्याकाळी ‘टीव्ही पट्रोल’ हे बातमीपत्र झालं आणि ७ वाजून ५२ मिनिटांनी कंपनीच्या चॅनल दोनचं प्रसारण बंद झालं. मनिलातलं रेडिओ केंद्र डीझेडएमएमही त्याच रात्री गेलं. ‘टीव्ही पट्रोल’च्या निवेदकांपैकी नोली दे कास्त्रो हे स्वतः देशाचे माजी उपराष्ट्राध्यक्ष. त्यांचंही बातमीपत्र वाचलं नाही.

महासाथीत माणसं घरात कोंडलेली असताना देशातला सर्वांत मोठा बातम्यांचा स्रोत बंद करणं, हा निर्णय मला आजही समर्थनीय वाटत नाही. कंपनीवर आरोप होते: मालकाचं दुहेरी नागरिकत्व, परदेशी पैसा, कंत्राटी कामगारांना मिळणारी वागणूक. कामगारांचा प्रश्न तर खराच गंभीर होता. पण त्याची दाद लावायला कामगार कायदे होते. १० जुलै रोजी प्रतिनिधीगृहाच्या समितीनं ७० विरुद्ध ११ मतांनी नवी फ्रँचाइज नाकारली, आणि ज्यांच्या हक्कांची चर्चा चालली होती त्याच कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या सर्वांत आधी गेल्या. कंपनीत तेव्हा सुमारे ११ हजार माणसं होती. ऑगस्टअखेर कपात सुरू झाली.

मालिका आणि तारे यांनी वाट काढली. ‘टीव्ही पट्रोल’ दोन दिवसांत फेसबुक आणि यूट्यूबवर आलं. जूनमध्ये केबलवर कापामिल्या चॅनल सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये झोई या दुसऱ्या कंपनीच्या चॅनल अकरावर ए-टू-झी नावानं हेच कार्यक्रम दिसू लागले. ‘आंग प्रोबिन्सियानो’चे कलाकार आणि तंत्रज्ञ लॉक-इन टेपिंगनं, म्हणजे चाचणी करून आठवडेच्या आठवडे एकाच जागी राहून, चित्रीकरण करत होते; ती मालिका पुढे ऑगस्ट २०२२ पर्यंत चालली. परदेशातल्यांसाठी १९९४ पासून असलेली टीएफसी ही वाहिनीही सुरूच राहिली. त्यामुळे दुबईत किंवा मस्कतमध्ये आपल्या मराठी माणसांच्या शेजारी काम करणाऱ्या फिलिपिनो नर्सला घरच्या मालिका दिसत होत्या. गावाकडच्या तिच्या आईला मात्र दिसत नव्हत्या.

कारण गावाकडे अँटेना होता. केबलचं मासिक भाडं परवडत नाही आणि मोबाइलचा डेटा जपून वापरायचा, अशा घरांसाठी या कंपनीनं एक छोटा काळा डबा विकायला आणला होता. एकदाच पैसे भरायचे, डबा टीव्हीला जोडायचा, अँटेना खिडकीशी धरायचा; चित्र स्वच्छ, महिन्याचा खर्च शून्य. जाहिरातीत त्याला ‘जादूचा काळा डबा’ म्हणत. असे लाखो डबे घराघरांत होते. ३० जूनला आयोगानं दुसरा आदेश काढला आणि त्या डब्यावरच्या कंपनीच्या वाहिन्याही गेल्या. त्यातच नॉलेज चॅनल ही शैक्षणिक वाहिनी होती. ५ ऑक्टोबरला सरकारी शाळा सुरू झाल्या त्या वर्गाविना, छापील पाठांवर आणि टीव्ही-रेडिओच्या आधारावर. जिचा उपयोग झाला असता ती वाहिनी तीनच महिन्यांपूर्वी डब्यातून गेली होती.

सर्वांत मोठं नुकसान झालं ते प्रांतांचं. ‘टीव्ही पट्रोल’च्या बारा प्रादेशिक आवृत्त्या होत्या. सेबूत सेबुआनो, पनायमध्ये हिलिगायनोन, तर झांबोआंगात स्पॅनिशच्या वळणाची चावाकानो, अशी जिथली भाषा तिथलं बातमीपत्र. मनिलाच्या राष्ट्रीय बातम्यांत न बसणारी धरणाची पातळी, बोटींच्या वेळा, खचलेला रस्ता हे सगळं तिथे सांगितलं जाई. २८ ऑगस्ट २०२० रोजी या सगळ्या आवृत्त्यांचं शेवटचं प्रसारण झालं.

दोन महिन्यांनी वादळं आली. १ नोव्हेंबरच्या पहाटे रॉली हे महाचक्रीवादळ (जगात त्याचं नाव गोनी) कातांदुआनेस बेटावर धडकलं. आल्बाय प्रांतात मायोन ज्वालामुखीच्या उतारावरची राख आणि दगड पावसानं खाली आले आणि गिनोबातानमधली घरं गाडली गेली. दहा दिवसांनी युलिसीस आलं. मारिकिना नदी शहरात शिरली, ते मनिलाजवळ असल्यानं सगळ्यांना दिसलं. उत्तरेकडच्या कागायान खोऱ्यात पाणी चढलं, तेव्हा छपरांवर अडकलेल्यांच्या हाका समाजमाध्यमांवरून आल्या. देशाला खरी कल्पना त्या हाकांमधूनच आली. वादळात वीज जाते, टीव्ही बंदच पडतो, हे खरं. पण वादळापूर्वीचा इशारा आपल्या भाषेत ऐकू येणं, बॅटरीवरच्या रेडिओवर ओळखीचा आवाज असणं आणि पाणी चढताना आसपास कॅमेरा घेऊन एक तरी वार्ताहर असणं, यांची जागा राजधानीतून भरता येत नाही. मूळच्या नागा शहरातल्या असलेल्या तेव्हाच्या उपराष्ट्राध्यक्ष लेनी रोब्रेडो यांनी वाहिनी बंद असल्याचा फटका त्या दिवसांत जाहीरपणे बोलून दाखवला होता.

सर्वोच्च न्यायालयातला कालिदा यांचा अर्ज तोवर निकाली निघाला होता. मुदतच संपल्यामुळे आता त्यात काही उरलं नाही, असं न्यायालयानं म्हटलं. २०२२ च्या सुरुवातीला चॅनल दोनची वारंवारिता बांधकाम व्यावसायिक आणि माजी सिनेटर मॅन्युएल व्हिलार यांच्या कंपनीला मिळाली. त्यांची ऑलटीव्ही ही वाहिनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झाली, पण तिच्याकडे दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं. मे २०२४ मध्ये एबीएस-सीबीएनचे कार्यक्रम करारानं चॅनल दोनवर परत आले. या वेळी कंपनी तिथे दुसऱ्याच्या केंद्राला कार्यक्रम पुरवणारी होती. स्वतःची फ्रँचाइज तिच्याकडे नव्हती.